मेंढ्या, चित्ते आणि सोयाबीन

मंडळी, आजची गोष्ट जरा लांबची आहे. सुरू होते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांच्या कळपात आणि येऊन पोचते आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. वाटेत गाभण घोड्या लागतात, प्राणिसंग्रहालयातले चित्ते लागतात, फिनलंडमधले सिगरेट ओढणारे पुरुष लागतात. प्रश्न मात्र एकच आहे. आपल्या जेवणातल्या वनस्पतींमधली रसायनं स्तनाचा कॅन्सर टाळू शकतात का?

"सोया खा, ब्रेस्ट कॅन्सर होत नाही" आणि "सोया अजिबात खाऊ नका, ब्रेस्ट कॅन्सर होतो" ही दोन्ही वाक्यं तुम्ही वाचली असणार. बहुतेक एकाच फॅमिली ग्रुपवर, एकाच आठवड्यात! गंमत अशी की दोन्ही वाक्यांच्या मागे खरेखुरे प्रयोग आहेत. कोणी थापा मारलेल्या नाहीत. मग एकाच डाळीच्या दाण्याबद्दल दोन उलटी उत्तरं आली कशी? आमच्या धंद्यात असं काही झालं की आम्ही जुने लॉग उघडून बसतो. पहिल्यांदा कधी, कुठे, कोणत्या परिस्थितीत हे दिसलं? तेच इथे करू या.

तर सुरुवात १९४० च्या आसपास. पश्चिम ऑस्ट्रेलियातली जमीन हलकी, वाळूसारखी. तिथल्या शेतकऱ्यांना एक छान जोडी सापडली होती. शेतात सुपरफॉस्फेट टाकायचं आणि 'सबटरेनियन क्लोव्हर' पेरायचं. हे आपल्या मेथीच्या आणि लसूणघासाच्या गोतावळ्यातलं झाड. भुईमुगासारखं आपल्या शेंगा जमिनीत पुरतं, म्हणून नाव सबटरेनियन. हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतं, हिरवंगार कुरण तयार होतं, मेंढ्या गुटगुटीत होतात. सगळं मस्त.

आणि मग मेंढ्या गाभण राहीनात. ज्या राहिल्या त्या विताना अडायला लागल्या, काहींचं अंग बाहेर यायला लागलं. सगळ्यात विचित्र म्हणजे खच्ची केलेल्या नरांना दूध येऊ लागलं! १९४६ साली बेनेट्स, अंडरवुड आणि शायर या तिघांनी एका पशुवैद्यकीय जर्नलमध्ये या प्रकारावर पेपर लिहिला. कुठलाही जंतू नव्हता. दोष कुरणात होता. त्या क्लोव्हरमध्ये असं काहीतरी होतं जे मेंढीच्या शरीरात इस्ट्रोजेनसारखं, म्हणजे मादीच्या हॉर्मोनसारखं, वागत होतं. या रोगाला नावच पडलं 'क्लोव्हर डिसीज'.

केमिस्ट कामाला लागले. १९५१ मध्ये ब्रॅडबरी आणि व्हाइट यांनी क्लोव्हरमधून दोन पदार्थ वेगळे काढले. एक जेनिस्टीन, दुसरा फॉर्मोनोनेटिन. जेनिस्टीन हा जुनाच गडी होता. १८९९ मध्येच तो 'जेनिस्टा टिंक्टोरिया' नावाच्या, पिवळा रंग काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या झुडपातून मिळाला होता. पहिला संशय अर्थातच जेनिस्टीनवर गेला, कारण प्रयोगात तोच जास्त 'इस्ट्रोजेनी' दिसत होता. पण तपास पुढे गेला तेव्हा खरा गुन्हेगार निघाला फॉर्मोनोनेटिन. तो स्वतः अगदी दुबळा. पण मेंढीच्या पहिल्या पोटातले जंतू त्याच्यावर काम करतात आणि त्याचं रूपांतर 'इक्वॉल' नावाच्या ताकदवान पदार्थात करतात. जेनिस्टीनचा मात्र तेच जंतू फडशा पाडतात.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. झाडात काय आहे त्यावर सगळं ठरत नाही. ते कोणाच्या पोटात जातं आणि तिथे त्याचं काय होतं, यावर ठरतं.

आता हे इक्वॉल. त्याचा शोध मेंढ्यांच्याही आधी लागला होता. १९३२ साली मॅरियन आणि हॅसलवुड या शास्त्रज्ञांनी गाभण घोड्यांच्या लघवीत हा पदार्थ पाहिला होता. घोड्यावरून, म्हणजे 'इक्वाइन'वरून, नाव ठेवलं इक्वॉल. त्या काळी सगळे हॉर्मोन शोधण्याच्या मागे होते, या पदार्थाकडे फारसं कोणी बघितलं नाही. माणसाशी त्याचा संबंध जोडायला पुढे पन्नास वर्षं जावी लागली.

बरं, पण मेंढ्यांच्या इस्ट्रोजेनचा बायकांच्या कॅन्सरशी काय संबंध? त्यासाठी अजून थोडं मागे, स्कॉटलंडला जाऊ. जॉर्ज बीटसन नावाचा डॉक्टर १८७६ मध्ये एका रुग्णाची देखभाल करायला एका इस्टेटीवर राहिला होता. शेजारी मोठं मेंढ्यांचं फार्म. (या गोष्टीत मेंढ्या पाठ सोडत नाहीत.) कोकरं तोडताना मेंढ्यांचं दूध कसं आटतं ते बघून त्याने दूध तयार होण्याच्या प्रक्रियेवर अभ्यास सुरू केला. स्तन आणि ओव्हरी यांचं काहीतरी नातं आहे हे त्याच्या डोक्यात बसलं. हॉर्मोन हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. १८९५ मध्ये ग्लासगोला त्याने ३३ वर्षांच्या एका बाईच्या, जिचा स्तनाचा कॅन्सर ऑपरेशननंतर परत पसरला होता, दोन्ही ओव्हरीज काढून टाकल्या. काही महिन्यांत गाठी विरल्या. पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, 'लॅन्सेट'मध्ये त्याने हे छापलं. म्हणजे स्तनाच्या अनेक कॅन्सरना वाढायला ओव्हरीमधून येणारं काहीतरी लागतं. ते काहीतरी म्हणजे इस्ट्रोजेन, हे नंतर कळलं.

शंभर वर्षांनी याच कल्पनेचं मोठं फळ मिळालं. टॅमॉक्सिफेन हे औषध इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि खऱ्या इस्ट्रोजेनला जागाच देत नाही. धोका जास्त असलेल्या १३,३८८ बायकांवर अमेरिकेत चाचणी झाली. १९९८ मध्ये निकाल आला की या गोळीने आक्रमक स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण ४९ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे इस्ट्रोजेनची वाट अडवली तर कॅन्सर टाळता येतो, हे पक्कं झालं. साइड इफेक्ट होतेच, गर्भाशयाचा कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढत होता. त्यामुळे 'हेच काम करणारं पण ताटात मिळणारं काहीतरी' असलं तर किती बरं, असं वाटणं साहजिक होतं.

आणि तसा उमेदवार तोवर सापडलेला होता.

१९८० च्या सुमारास केनेथ सेचेल आणि त्यांचे सहकारी माणसांच्या लघवीतली हॉर्मोन्स मोजत होते. मशीनच्या आलेखावर ओळखीच्या शिखरांच्या मध्ये काही अनोळखी शिखरं दिसायला लागली. आपण लॉगमध्ये 'अननोन' दिसलं की दुर्लक्ष करून पुढे जातो. यांनी केलं नाही. १९८० मध्ये 'नेचर'मध्ये जाहीर झालं की हे लिग्नन वर्गातले पदार्थ आहेत, एंटेरोलॅक्टोन आणि एंटेरोडायोल. लिग्नन झाडांमध्ये असतात हे माहीत होतं, माणसात असतात हे नवीन होतं. उंदरांवरच्या प्रयोगातून कळलं की ते आतड्यातले जंतू बनवतात. जंतू नाहीत, तर हे पदार्थही नाहीत. १९८२ मध्ये माणसाच्या लघवीत आणखी एक जुना ओळखीचा सापडला. इक्वॉल! घोड्यांचं, मेंढ्यांचं तेच. आणि १९८४ मध्ये त्याचा उगम कळला, सोयाबीन.

त्याच सुमारास हेलसिंकीच्या हर्मन अ‍ॅडलरक्रॉइट्झ यांनी एक छोटी तुलना छापली होती. शाकाहारी बायका, मिश्राहारी बायका आणि स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायका. एंटेरोलॅक्टोनचं प्रमाण कॅन्सर झालेल्यांमध्ये सगळ्यात कमी. अभ्यास लहान होता, पण कल्पना झकास होती. झाडातले हे पदार्थ इस्ट्रोजेनसारखे दिसतात पण खूप दुबळे आहेत. इंटरफेस तोच, आतलं इम्प्लिमेंटेशन मिळमिळीत. रिसेप्टरवर हे जाऊन बसले तर खऱ्या इस्ट्रोजेनला जागा कमी. म्हणजे निसर्गाचं टॅमॉक्सिफेनच की!

थांबा, चित्ते राहिले. उत्तर अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत चित्त्यांना पिल्लं होत नव्हती आणि लिव्हरचे आजार होत होते. १९८७ मध्ये सेचेल यांच्याच गटाने दाखवलं की त्यांच्या तयार खाद्यात सोया होतं आणि बहुधा तेच कारण होतं. मांजरकुळातल्या प्राण्यांचं लिव्हर असे पदार्थ बाहेर टाकण्यात कच्चं असतं. तेच सोया जपानी माणूस शतकानुशतकं खातोय आणि व्यवस्थित आहे. पुन्हा तोच धडा, पोट कोणाचं?

आता जपान आलंच आहे तर त्या बाजूचा पुरावा बघू. विसाव्या शतकाच्या मध्यात जपानी बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर अमेरिकेच्या मानाने खूपच कमी होता. जीन्समुळे असेल? मग संशोधकांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांकडे बघितलं. १९६८ मध्ये हेन्झेल आणि कुरिहारा यांनी, १९७३ मध्ये ब्यूएल यांनी. पिढीगणिक अमेरिकेत वाढलेल्या जपानी मुलींचा धोका अमेरिकन आकड्यांकडे सरकत होता. १९९३ मध्ये रेजिना झीगलर आणि सहकाऱ्यांनी आशियाई वंशाच्या अमेरिकन बायकांचा अभ्यास छापला. पश्चिमेत जन्मलेल्यांचा धोका पूर्वेत जन्मलेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त. कोड तेच, एन्व्हायरन्मेंट बदललं आणि आउटपुट बदललं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात भक्कम आणि आशादायक पुरावा आहे. स्तनाचा कॅन्सर हे निव्वळ नशीब नाही, राहणीमानात असं काहीतरी आहे जे बदलू शकतं.

पण काय? जपानमध्ये बायका दिवसाला साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन (जेनिस्टीन आणि मंडळींचं घराण्याचं नाव) पोटात घेत होत्या, अमेरिकेत जेमतेम दोन-तीन. १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सिंगापूरचा अभ्यास आला, २०० कॅन्सर झालेल्या चिनी बायका आणि ४२० न झालेल्या. पाळी चालू असलेल्या वयात, जास्त सोया खाणाऱ्यांमध्ये कॅन्सर कमी होता. पाळी गेलेल्यांमध्ये असा फरक दिसला नाही. बातमी देताना हे दुसरं वाक्य बहुतेक वेळा गळतं. तसंच झालं.

मग बाजार आला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सोया प्रोटीन हृदयाला चांगलं असं पाकिटावर लिहायला परवानगी दिली. (२०१७ मध्ये तीच एफडीए म्हणाली की पुरावा तितका पक्का नाही, ही परवानगी मागे घ्यावी असा आमचा प्रस्ताव आहे.) २००२ मध्ये पाळी गेलेल्या १६,६०८ बायकांवरची हॉर्मोनच्या गोळ्यांची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर वाढला होता. घाबरलेल्या बायकांना 'नैसर्गिक' पर्याय हवा होता. तो दुकानात तयारच होता, सोयाचा अर्क, कॅप्सूलमध्ये. जपानी आजी ज्याची आमटी करून प्यायची, ते आता डबीत बंद होऊन आलं.

अन्नातून एक पदार्थ उचलून गोळीत भरला की काय होऊ शकतं, याचा इशारा तोवर मिळालेला होता बरं का. गाजर आणि हिरव्या भाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं दिसत होतं, म्हणून भाज्यांमधलं बीटा कॅरोटीन गोळीच्या रूपात देऊन बघितलं. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी *जास्त*. अमेरिकेतली १८,३१४ जणांची तशीच चाचणी जानेवारी १९९६ मध्ये ठरल्या वेळेआधी थांबवली, तिथे वाढ २८ टक्के होती. भाजी खाणाऱ्या माणसात भाजीशिवायही बरंच काही वेगळं असतं. आणि भाजीत बीटा कॅरोटीनशिवायही बरंच काही असतं.

सोयाच्या बाबतीत धक्का १९९८ मध्ये बसला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी ओव्हरी काढलेल्या उंदरांमध्ये माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवल्या आणि त्यांना जेनिस्टीन दिलं. गाठी कमी व्हायच्या सोडून वाढल्या! कारण सोपं आहे. खरं इस्ट्रोजेन भरपूर असेल तेव्हा दुबळा नकलाकार जागा अडवतो. खरं इस्ट्रोजेनच नसेल, तर तोच दुबळा थोडंफार काम करून टाकतो. दोन वर्षं आधी, १९९६ मध्ये, स्वीडनमध्ये इस्ट्रोजेनचा दुसरा रिसेप्टर, 'बीटा', सापडला होता आणि जेनिस्टीन त्याच्यावर जास्त घट्ट बसतं हे कळलं होतं. म्हणजे कुलपं दोन, किल्ली एक, आणि कुठलं दार उघडेल ते घरावर अवलंबून. "सोया अजिबात खाऊ नका" ही ओळ जन्मली ती इथे.

आता हे सगळं मी का वाचत बसलो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीचं ऑपरेशन झालं. गाठ इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह, टॅमॉक्सिफेन सुरू. तिच्या टेबलावर अमेरिकेतल्या एका नातेवाइकाने प्रेमाने पाठवलेली सोया आयसोफ्लेव्होनची डबी होती. आणि शेजारच्या काकूंनी तितक्याच प्रेमाने तिला सोयाबीनच्या वड्यांची भाजी बंद करायला सांगितली होती. आपल्याकडे कॉम्प्युटरवाल्याला सगळं कळतं असा एक समज आहे, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला.

"काय करू रे? खाऊ का नको?"

"मावशी, अगं डबी डॉक्टरांना दाखव आधी," म्हटलं.

तिने दाखवली. डॉक्टर म्हणाले, कॅप्सूल नको, जेवणातलं काही बंद करू नका. प्रश्न मिटला. पण निघताना तिने हळूच विचारलं, "माझं खाण्यात काही चुकलं का रे, म्हणून हे झालं?"

याला माझ्याकडे त्या दिवशी धड उत्तर नव्हतं. ते शोधताना हा सगळा इतिहास समोर आला, म्हणून तो इथे लिहितोय.

तर पुढे. उंदरांच्या निकालानंतर खरा प्रश्न हा होता की ज्या बायकांना कॅन्सर होऊन गेलाय, त्या रोजच्या जेवणात सोया खातात तेव्हा काय होतं? याचं मोठं उत्तर शांघायहून २००९ मध्ये आलं. ५,०४२ बायका, सगळ्यांना कॅन्सर होऊन गेलेला, सरासरी जवळजवळ चार वर्षं पाठपुरावा. जास्त सोया खाणाऱ्यांमध्ये कॅन्सर परत येण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमीच दिसलं, टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांमध्येसुद्धा वाढलं नाही. २०११ मध्ये सेचेल यांनी (हो, तेच) दाखवलं की उंदीर आणि माणूस जेनिस्टीन वेगळ्या रीतीने हाताळतात. माणसाचं शरीर त्याला लगेच दुसऱ्या रेणूशी बांधून निष्क्रिय करतं, उंदरांच्या रक्तात ते मोकळं फिरत राहतं. मेंढी, चित्ता, आता उंदीर. अमेरिकन कॅन्सर सोसायटीही आज सोयाचे पदार्थ खायला सुरक्षित आहेत असंच सांगते. अर्काच्या गोळ्यांबद्दल मात्र कोणी तशी हमी देत नाही.

मग सोया कॅन्सर *टाळतं* का? इथे वेळेचा मुद्दा येतो. अलाबामात कोरल लामार्टिनियर यांनी वयात येण्याआधी उंदरांच्या पिल्लांना जेनिस्टीन दिलं, तर मोठेपणी त्यांना गाठी कमी झाल्या. आशियाई वंशाच्या अमेरिकन बायकांच्या अभ्यासातही, ज्यांनी लहानपणी सोया भरपूर खाल्लं होतं त्यांच्यात कॅन्सर कमी दिसला. स्तनाची पेशी घडत असताना मिळालेला संदेश वेगळा आणि पन्नाशीत घेतलेली कॅप्सूल वेगळी. शिवाय सोया खाल्ल्यावर इक्वॉल सगळ्यांच्या पोटात बनतच नाही. जपानमध्ये निम्म्याहून थोड्या जास्त लोकांमध्ये बनतं, पाश्चात्य देशांत साधारण पाव ते तीस टक्क्यांमध्ये. जंतूंची कृपा!

आपल्याकडचं काय? महाराष्ट्रात लातूरपासून विदर्भापर्यंत सोयाबीनची शेतंच शेतं आहेत. पण तो माल मुख्यतः तेलाला जातो, आणि उरलेली पेंड जनावरांच्या, कोंबड्यांच्या खाद्याला. आपण खातो ते रिफाइंड तेल, त्यात आयसोफ्लेव्होन जवळजवळ नसतात. लिग्ननच्या बाबतीत मात्र आपण श्रीमंत आहोत. टोरोंटोच्या लिलियन थॉम्पसन यांनी १९९१ मध्ये कितीतरी धान्यं, डाळी, बिया तपासल्या, तर पहिला नंबर जवसाचा. आणि तोही इतका पुढे, की दुसरा नजरेत येत नाही. म्हणजे आजीची जवसाची चटणी. २००५ मध्ये त्यांनी ऑपरेशनची वाट बघणाऱ्या बायकांना रोज २५ ग्रॅम जवस घातलेला मफिन दिला, तर गाठीतल्या पेशी वाढण्याचा वेग थोडा कमी झालेला दिसला. पण त्या बायका होत्या ३२, आणि काळ काही आठवड्यांचा. चटणी खायला उत्तम कारण, औषध म्हणून अपुरा पुरावा.

आणि आता बार्शी.

मुंबईत १९६३ पासून कॅन्सर रजिस्ट्री आहे, देशातली पहिली, डॉ. जस्सावाला यांनी उभी केलेली. शहरात कोणाला कुठला कॅन्सर झाला याची नोंद. १९८७ मध्ये टाटा मेमोरियलच्या मदतीने बार्शीत देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री सुरू झाली. खेड्यातला पेशंट हॉस्पिटलपर्यंत पोचतोच असं नाही, म्हणून रजिस्ट्रीची माणसं गावोगाव फिरायची, लोकांशी बोलायची, लक्षणं सांगायची, शंका आली तर तपासणीला आणायची. आकडे आले तेव्हा दिसलं की बार्शीच्या भागातल्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर मुंबईच्या मानाने कितीतरी कमी आहे. (गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर मात्र तिथे पहिल्या नंबरवर होता.)

आता सांगा, त्या बायकांच्या ताटात टोफू होता का? ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, चटणी. म्हणजे जपानचं उत्तर सोयात शोधताना आपण बहुधा एक महत्त्वाचा कॉलम वगळत होतो. बार्शीची बाई आणि जुन्या जपानची बाई यांच्यात समान काय होतं? लवकर पहिलं मूल, जास्त मुलं, वर्षानुवर्षं अंगावर पाजणं, अंगमेहनत, सडपातळ बांधा, दारू नाही. हेही नवीन नाही. १९२६ मध्येच इंग्लंडच्या जॅनेट लेन-क्लेपॉन यांनी कॅन्सर झालेल्या ५०० आणि न झालेल्या ५०० बायकांना एकसारखे प्रश्न विचारून मुलं आणि अंगावर पाजणं यांचा संबंध दाखवला होता. २००२ मध्ये ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र केले तेव्हा आकडा मिळाला. दर १२ महिने अंगावर पाजल्यामागे धोका ४.३ टक्क्यांनी कमी, शिवाय प्रत्येक बाळंतपणामागे ७ टक्क्यांनी.

याचा अर्थ सगळ्यांनी विसाव्या वर्षी लग्न करून सहा मुलं जन्माला घालावीत असा अजिबात नाही! मुली शिकतात, नोकरी करतात, उशिरा मूल होतं किंवा होत नाही, हे बदल चांगले आहेत आणि त्यांची थोडी किंमत या आकड्यात दिसते. आज स्तनाचा कॅन्सर भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर आहे. जपानमध्येही तोच पहिल्या नंबरवर आला, सोया सुटलेलं नसताना.

अमेरिकेत २००७ मध्ये आणखी एक निकाल आला. कॅन्सर होऊन गेलेल्या ३,०८८ बायका. अर्ध्या जणींना भाज्या, फळं आणि चोथ्याने भरलेला आणि चरबी कमी असलेला आहार दिला, अर्ध्यांना नेहमीचा सल्ला. सात वर्षांनी दोन्ही गटांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण सारखंच. भाज्या वाईट आहेत असं यातून निघत नाही. पण भाजी हे कवच आहे, आणि ज्यांना कॅन्सर झाला त्यांनी ते घातलं नव्हतं, असंही निघत नाही.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. हे सगळे आकडे हजारो बायकांच्या सरासरीचे आहेत. चार-पाच टक्के इकडे, सात टक्के तिकडे. त्यातून एका बाईच्या एका गाठीचं कारण काढता येत नाही. तिच्या ताटात तर अजिबात सापडत नाही. ऐंशी वर्षं, चार खंड, मेंढ्यांपासून माणसापर्यंत एवढी हुशार माणसं खपली, आणि त्यांच्यातल्या कोणालाही "तू हे खाल्लं नाहीस म्हणून झालं" असं म्हणण्याइतका पुरावा मिळालेला नाही. मग शेजाऱ्यांना आणि फॉरवर्ड करणाऱ्यांना तो कुठून मिळाला?

बाकी आपल्या हातात जे आहे ते कंटाळवाणं आहे, म्हणून त्याच्या डब्या विकल्या जात नाहीत. वजन आटोक्यात, विशेषतः पाळी गेल्यावर. हालचाल, जी आपल्या खुर्चीतल्या नोकरीत सगळ्यात आधी मरते. दारू कमी किंवा नाहीच. शक्य असेल तर बाळाला जास्त दिवस अंगावर पाजणं, आणि ऑफिसने त्यासाठी जागा आणि वेळ देणं. आणि लवकर तपासणी. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांवर २० वर्षं केलेली चाचणी २०२१ मध्ये छापून आली. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करायच्या. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, कॅप्सूल नाही. शिकवलेले हात.

आणि हो, सोयाबीनची भाजी, तीळ, जवसाची चटणी खुशाल खा. चवीसाठी खा, पोटासाठी खा. फक्त तिच्यावर कॅन्सरची जबाबदारी टाकू नका, आणि ती न खाणाऱ्या बाईवर तर नाहीच नाही.

चला, भेटू पुढच्या वीकेंडला.